डॉ. होमी भाभा आणि आपल्या घरातील दुखणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, अशी प्रथा आहे. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी यांची चरित्रे आपण वाचली. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव सुचविले. काही भगिनींना ते जरा चमत्कारिक वाटले. अणुशक्तीवाले भाभा कोठे आणि पैनगंगेकाठच्या किनवटमधल्या आपण गृहिणी कोठे! परंतु संबंध आहे, आणि तो मला पुस्तकातून नव्हे, तर घरच्या दुखण्यातून कळला.

माझ्या धाकट्या जावेच्या मानेत गाठी आल्या. अधूनमधून ताप येई, रात्री अंगाला घाम सुटे. गंडमाळा असतील असे म्हणून आम्ही पाला बांधण्यात दोन महिने घालविले. हा दोष आमचाच. पुढे नांदेडला गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. मग आम्ही नंदीग्राम गाडीने मुंबईस परळच्या टाटा दवाखान्यात गेलो. तेथे औषध सुरू होण्याआधी तिच्या साऱ्या शरीराचे एक चित्र काढले. औषधाच्या दोन फेऱ्या झाल्यावर पुन्हा तसेच चित्र काढले. घरातील सर्वांच्या मनात दोनच प्रश्न होते : दुखणे किती पसरले आहे, आणि या औषधाने ते उतरेल का? ही उत्तरे त्या दोन चित्रांतून मिळावयाची होती. तेथे बाकावर बसल्या बसल्या मला समजले की, या इस्पितळावर अणुऊर्जा खात्याची देखरेख आहे. अणूचे खाते आणि कर्करोगाचे इस्पितळ एकत्र कसे आले, याचा शोध घेता घेता मी भाभांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आजोबा हुर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी होते. त्यांचेच नाव नातवास ठेवले. तान्हेपणी होमी फार थोडे झोपत, म्हणून आईवडिलांना घोर लागला होता. परदेशातील डॉक्टरांना दाखविले, तेव्हा मूल निरोगी आहे, केवळ त्याची बुद्धी फार जागी आहे, असा निर्वाळा मिळाला, अशी आठवण सांगतात. घरात ग्रंथांचा मोठा संग्रह होता, गाण्याच्या तबकड्या होत्या. होमी लहानपणापासून चित्रे काढीत, संगीत ऐकत. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे त्यांचे मुंबईतील शिक्षण झाले.

या चरित्रात एका स्त्रीची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. होमींची सख्खी आत्या मेहेरबाई. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्याशी १८९८ साली त्यांचा विवाह झाला. मेहेरबाई मोठ्या घरच्या, पण दागिने घालून दिवाणखान्यात बसणाऱ्या नव्हत्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत. स्त्रियांना शिक्षण मिळावे, पडदा जावा, मुलींची लग्ने बालवयात होऊ नयेत, यासाठी त्यांनी खटपट केली. देशभरच्या स्त्रीसंस्था एकत्र आणण्यासाठी १९२५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्त्री परिषदेच्या कामात त्या पुढे होत्या. १९२९ साली जो बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, त्याच्यासाठी झटणाऱ्यांत त्याही होत्या. १९२४ साली जमशेटपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा पगार भागविण्यासाठी पतीपत्नींनी आपली सारी संपत्ती गहाण टाकली. त्यात मेहेरबाईंचा मोठा ज्युबिली हिराही होता. महिला मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचे नाव यावे, यात नवल नाही.

१९२७ साली होमी इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. त्यांनी इंजिनिअर होऊन जमशेटपूरचा कारखाना सांभाळावा, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळविले. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावे, मग हवे ते शिकावे, असे ठरले. १९३० साली होमींनी ती अट पुरी केली. मुलांनी काय शिकावे यावरून आजही घराघरांत वाद होतात. तेथे तो असा समजुतीने मिटला.

याच सुमारास कुटुंबावर घाला पडला. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाला तोटा नव्हता, परदेशातील उत्तम इस्पितळ होते, पण त्या काळी या रोगावर गुण देणारे औषधच नव्हते. जून १९३१ मध्ये वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वय एक्कावन्न वर्षांचे होते. होमी तेव्हा एकवीस वर्षांचे, केंब्रिजमध्येच शिकत होते. दोराबजींना हे दुःख सोसवले नाही. आपली जवळजवळ सर्व मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधीला देऊन टाकली आणि १९३२ च्या जूनमध्ये, पत्नीच्या समाधीकडे प्रवास करीत असता, जर्मनीत त्यांचा अंत झाला. आपल्या देशातील रोग्यांना कर्करोगाचे उत्तम उपचार येथेच मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या निधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. एका स्त्रीच्या मृत्यूतून हजारो स्त्रियांच्या जगण्याची सोय झाली, ती अशी.

इकडे केंब्रिजमध्ये होमी अणूच्या पोटातील सूक्ष्म कणांचा अभ्यास करीत होते. प्रत्येक अणूत ऋण विजेचा एक हलका कण असतो, त्याला इलेक्ट्रॉन म्हणतात. १९३२ साली अमेरिकेत अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचेच जुळे भावंड सापडले. वजन तेवढेच, पण वीज उलट, म्हणजे धन. त्याचे नाव पॉझिट्रॉन. हा कण फार अल्पायुषी असतो. इलेक्ट्रॉनची गाठ पडली की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी प्रकाशासारखे किरण निघतात. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले म्हणजे काय घडते, याचे गणित होमींनी मांडले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले आणि आजही त्या क्रियेला जगभर भाभांचेच नाव आहे. हे गणित मांडताना त्यांच्यापुढे रोगी नव्हता, शुद्ध जिज्ञासा होती. पण वाचकांनी हा पॉझिट्रॉन लक्षात ठेवावा. तो पुढे आपल्या घरी येणार आहे.

१९३९ साली होमी सुटीसाठी हिंदुस्थानात आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे येथेच राहिले. बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परदेशात मानाच्या जागा मिळणे त्यांना कठीण नव्हते. पण आपली माणसे आपल्याच देशात तयार व्हावीत, हा ध्यास त्यांनी घेतला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा निधीकडे संशोधन संस्थेसाठी साहाय्य मागितले. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. ज्या निधीने इस्पितळ बांधले, त्याच निधीने भाच्याच्या विज्ञानालाही हात दिला. ही दोन रोपे एकाच आळ्यातील. त्यांच्या फांद्या पुढे एकमेकींत मिसळल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुऊर्जा आयोग नेमला गेला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ साली तुर्भे येथे अणुऊर्जा संस्थेचे काम सुरू झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील पहिली अणुभट्टी चालू झाली. रशिया सोडल्यास आशिया खंडातील ती पहिलीच. पाण्याच्या हौदात उतरविलेल्या त्या भट्टीतून सुंदर निळी आभा दिसे. पंडित नेहरूंनी तिला अप्सरा असे नाव दिले. भाभांना सौंदर्याची मोठी दृष्टी होती. इमारती बांधतानाही वाटेत येणारी जुनी झाडे तोडू न देता ते ती मुळांसकट उचलून दुसरीकडे लावून घेत. जन्मभर ते अविवाहित राहिले. काम, चित्रे, संगीत आणि झाडे हाच त्यांचा संसार होता.

आता अणुभट्टीचा आणि रोग्याचा संबंध सांगते. भट्टीत काही पदार्थ ठेवले की ते किरणोत्सर्गी होतात, म्हणजे आपल्या अंगून किरण सोडू लागतात. आयोडीनचेच उदाहरण घ्या. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन हवे असते. म्हणून तर आपण आयोडीनचे मीठ खातो. किरण सोडणारे आयोडीन अगदी थोडे पोटात दिले, तर ती ग्रंथी ते ओढून घेते. मग बाहेर ठेवलेले यंत्र ते किरण टिपते आणि ग्रंथीचे चित्र उमटते. कोठला भाग जास्त काम करतो, कोठला निपचित आहे, हे त्यात दिसते. ग्रंथीचा कर्करोग असला, तर शस्त्रक्रियेनंतर काही भाग उरला आहे का, रोग शरीरात दुसरीकडे गेला आहे का, हेही कळते. सर्वांत महत्त्वाचे असे की, त्या गाठी आयोडीन ओढून घेतात की नाही, हेही चित्रातच दिसते. ओढून घेत असतील, तर तेच आयोडीन मोठ्या मात्रेत देऊन त्यांना जाळता येते. ओढून घेत नसतील, तर त्या उपचाराचा उपयोग व्हायचा नाही, हे आधीच उमगते. भाजीत मीठ मुरते की नाही हे चमचाभर घेऊन पाहावे, आणि मग सारे पातेले उतरवावे, तसाच हा प्रकार आहे.

साध्या एक्स-रे चित्रापेक्षा याचे वेगळेपण येथे आहे. एक्स-रेमध्ये अवयवाची ठेवण दिसते, या चित्रात त्याचे काम दिसते. चुलीची बांधणी पाहणे निराळे आणि आत विस्तव आहे की नुसती राख, हे पाहणे निराळे.

भाभांनी हे महत्त्व फार लवकर ओळखले. कर्करोगाच्या कामात किरणांचा उपयोग केवळ गाठ जाळण्यापुरता राहणार नाही. रोग पाहण्यासाठी आणि तो कितव्या पायरीवर आहे हे ठरविण्यासाठीही तो होणार, अशी त्यांची दृष्टी होती. टाटा स्मारक रुग्णालय १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले होते. १९६२ साली ते भाभांच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. पाठोपाठ १९६३ साली परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. किरणोत्सर्गी पदार्थांच्या साह्याने रोग पाहणे व बरे करणे, हेच त्याचे काम. तुर्भ्याला पदार्थ तयार व्हावा आणि परळला रोग्याच्या उपयोगी पडावा, अशी वाट बांधली गेली. आत्याच्या नावे उभ्या राहिलेल्या इस्पितळाला भाच्याने जणू नवे डोळे दिले.

हे काम नुकते कोठे रुजत होते, तोच काळाने झडप घातली. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले असता एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभांचे वय छप्पन्न होते. सारा देश हळहळला. १९६७ साली तुर्भ्याच्या संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. तेथेच पुढे कर्करोगावर किरणोपचार देणारे एक देशी यंत्र तयार झाले. त्याचे नाव भाभाट्रॉन.

आता त्या पॉझिट्रॉनकडे वळू. भाभांच्या मागे, १९७० नंतरच्या दशकात, परदेशात पेट नावाचे यंत्र पुढे आले. ते शोधणारे शास्त्रज्ञ निराळे, पण त्याचा सारा खेळ पॉझिट्रॉनवर आहे. साखरेसारख्या एका पदार्थाला पॉझिट्रॉन सोडणारे फ्लोरीन जोडतात आणि ते शिरेतून टोचतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी हावरट असतात, निरोगी पेशींपेक्षा त्या जास्त साखर ओढतात. तेथे पॉझिट्रॉन निघाला की जवळच त्याची इलेक्ट्रॉनशी गाठ पडते, दोघे नाहीसे होतात आणि दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना धावतात. रोग्याभोवतीचे कडे ते दोन्ही टिपते आणि नेमकी जागा सांगते. या फ्लोरीनचा जोर सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून ते करणारे यंत्र जवळपास असावे लागते. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट चित्रणाची सोय २००२ साली सुरू झाली, तीही भाभांच्याच काळात निघालेल्या परळच्या त्या सेंटरमध्ये.

माझ्या जावेचे चित्र याच जातीचे होते. सकाळपासून तिला उपाशी ठेवले. सुई टोचल्यावर तासभर न बोलता पडून राहण्यास सांगितले. त्या दिवशी लहान मुलांना जवळ घेऊ नये, अशी ताकीद होती. तिची चार वर्षांची लेक दाराशी रडत होती आणि तिला उचलून घेता येत नव्हते. त्या चाचणीचे खरे कष्ट तेवढेच. पहिल्या चित्रात मानेत, काखेत आणि छातीच्या मध्यभागी उजळ ठिपके होते. मेंदूही उजळलेला पाहून माझ्या पोटात गोळाच आला. पण मेंदू नेहमीच साखर खातो, तो सर्वांचाच उजळतो, असे तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला. दोन फेऱ्यांनंतरच्या चित्रात मानेचे आणि काखेचे ठिपके मावळले होते. छातीतला एक उरला होता, तोही फिका. औषध लागू पडत आहे, म्हणून तेच चालू ठेवावयाचे, असे डॉक्टरांनी ठरविले. ठिपके तसेच राहिले असते, तर औषध बदलावे लागले असते. निरुपयोगी औषधाचा त्रास रोग्याला महिनोन्‌महिने सोसावा लागू नये, हा या दुसऱ्या चित्राचा मोठा उपकार. आज तीन वर्षांनी जाऊ माझ्याबरोबर उन्हाळ्यात पापड लाटते.

सर्वांचेच असे होते, असे नाही. याच वाटेवर आमच्या ओळखीची एक बाई दुसऱ्या चित्रानंतर निराश होऊन परतली, हेही मी पाहिले आहे. शिवाय चित्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. क्षयाची गाठ किंवा साधी सूजही त्यात उजळते, म्हणून तुकडा तपासूनच खात्री करावी लागते. प्रत्येक रोगाला हे चित्र लागतही नाही. मेहेरबाईंचा जो रोग होता, त्याचा माग मुख्यतः रक्तावरून आणि हाडांतील मगजावरून घेतात. कोणास कोणती तपासणी हवी, हे ठरविणे डॉक्टरांचे काम. आपले काम दुसरे आहे. मान, काख किंवा स्तनात गाठ लागली, तर लाजेपायी अथवा कामाच्या रगाड्यापायी ती लपवू नये. आणि बरे वाटू लागले म्हणून पुढची तपासणी चुकवू नये. बरे वाटणे आणि बरे होणे यांतले अंतर आपल्याला दिसत नाही, त्या चित्राला दिसते.

डॉ. भाभांचे नाव निघाले की लोकांना अणुभट्ट्या, वीज आणि देशाचे सामर्थ्य आठवते. ते योग्यच आहे. मला मात्र परळच्या त्या खोलीतील दोन चित्रे आठवतात. १९३१ साली एका श्रीमंत घरातील स्त्रीला जगातली उत्तम इस्पितळे वाचवू शकली नाहीत. त्यानंतर नव्वद वर्षांनी किनवटच्या एका शेतकऱ्याच्या सुनेला आपल्या दुखण्याचे माप कळले, आणि औषध लागू पडते आहे हेही वेळेवर कळले. या दोन टोकांमध्ये पुष्कळांचे कष्ट आहेत. त्यांत या पुरुषाचा वाटा मोठा आहे.

येत्या ३० ऑक्टोबरला भाभांची जयंती येईल. त्या दिवशी आपल्या मंडळात गाठ कशी तपासावी हे शिकविण्यासाठी सरकारी दवाखान्यातील एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे, अशी माझी सर्व भगिनींना नम्र सूचना आहे. हार घालण्यापेक्षा त्यांना ते अधिक आवडले असते.